ब्रेकताईची तिसरी खूण

आमच्या ब्रेकताईने अकरा वर्षांत एकोणीस माणसं मारली. त्यातली तीन माझी होती, म्हणून आकडा मला पाठ आहे. पहिला माझा मांत्रिक, तो दलदलीत गेला. दुसरा एक भाट. नको तिथे गायला लागला आणि गुहेतल्या कुणालातरी त्याचा आवाज आवडला नाही. तिसरा एक बुटका लोहार होता, त्याच्याबद्दल मी अजून बोलत नाही.

दचकू नका. ही कागदावरची माणसं. रविवारी दुपारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका टेबलाभोवती बसतो आणि एक खेळ खेळतो. एकजण सूत्रधार असतो. तो जंगलं, किल्ले, राक्षस, भामटे दुकानदार हे सगळं उभं करतो. बाकीचे प्रत्येकी एक माणूस घेतात, त्याची ताकद, अक्कल आणि चपळाई एका पानावर लिहितात आणि त्या माणसाच्या तोंडून बोलतात. तुम्ही म्हणायचं, 'मी दार ढकलतो.' दार उघडलं की नाही ते वीस बाजूंचा एक फासा सांगतो. वाचताना पोरकट वाटेल. मलाही वाटलं होतं. मी कोर्टात छत्तीस वर्षं टायपिस्ट होतो, खऱ्या खुनांचे खटले टाइप केले, पण त्या मांत्रिकाच्या वेळी मला जेवण गेलं नाही.

आमची सूत्रधार म्हणजे ब्रेकताई. हे नाव मीच ठेवलं आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. ती लिफ्ट तपासते. गावातल्या निम्म्या इमारती तिच्या सहीवर वर-खाली होतात. ठेंगणी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, उजव्या बाहीवर ग्रीसचा एक डाग कायमचा; धुतलेल्या सदऱ्यावरही तो कुठून येतो देव जाणे. लिफ्टमध्ये वजनाच्या गोण्या भरून, दोर ढिला सोडून, खालचा सुरक्षा-ब्रेक पकडतो की नाही ते बघायचं, हे तिचं काम. एकदा एका इमारतीचा मालक म्हणाला, ''बाई, ब्रेक लागणारच आहे, कशाला एवढा खटाटोप? लिहून टाका की.'' ही म्हणाली, ''लागणारच आहे ना? मग तुम्ही बसा आत, मी सोडते.'' मालक जिन्याने खाली गेला.

नवऱ्याशी तिचं जमलं नाही. का जमलं नाही याच्या चार हकीकती गावात फिरतात, त्यातल्या दोन मीच सोडल्यात, तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नका. सध्या ती थोरल्या बहिणीबरोबर राहते. अक्का पडदे शिवते, आणि धाकटीचं आयुष्य उसवलेलं आहे असं तिचं पक्कं मत आहे.

आता माणसं मारण्याबद्दल. पुष्कळ सूत्रधार पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा ठेवतात आणि फासा त्यामागे टाकतात. कुणाचा लाडका माणूस मरायला टेकला की आकडा गुपचूप बदलतात आणि 'वाचलास रे बाबा' म्हणतात. सगळे खूश. ब्रेकताईनेही पहिल्या वर्षी एकदा हे केलं. आमच्यात एक बेकरीवाली आहे. तिची वैदीण विहिरीत पडली होती आणि फासा वाईट पडला होता. ताईने आडोशामागून सतराचा आकडा सांगितला, वैदीण वाचली, टाळ्या झाल्या. पुढचे तीन रविवार बेकरीवाली जांभया देत होती. चौथ्या रविवारी ती म्हणाली, ''तू तेव्हा खोटं बोललीस ना गं? मला तुझ्या तोंडावरून कळलं. तेव्हापासून मला भीतीच वाटत नाही. भीती नाही तर मी इथे येते कशाला? पाव भाजत बसले असते.''

घरी जाऊन ताईने त्या पुठ्ठ्याचे चार चौकोन कापले. अजून आम्ही त्यावर चहाचे कप ठेवतो.

तेव्हापासून तिचे नियम ठरले. फासा टेबलाच्या मधोमध, एका मोठ्या डब्याच्या झाकणात, सगळ्यांच्या नाकासमोर पडणार. किती पडायला हवेत तो आकडा ती आधी सांगणार, फासा नंतर. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की जिथे जीव जाऊ शकतो तिथे पोचण्याआधी ती तीन खुणा देणार. अगदी साध्या. पण तीन. ''दोर तुटायच्या आधी तीनदा सांगतो,'' ती म्हणते. ''आधी आवाज बदलतो, मग खाली काळी भुकटी पडते, मग एकेक तार सुटते. कुणी बघितलंच नाही तर तो काय करणार?'' तिन्ही खुणा ऐकून तुम्ही पुढे गेलात, तर जे पडेल ते पडेल. मग तुम्ही रडा, पाय आपटा, ती तुम्हाला चहा देईल, पण माणूस परत देणार नाही. मेलेल्याचं पान खोलीच्या भिंतीवर लागतं. त्याआधी त्याचा मालक सोडून टेबलावरच्या प्रत्येकाने त्याच्याबद्दल एकेक वाक्य बोलायचं. माझ्या लोहाराबद्दल दातांचा डॉक्टर म्हणाला होता, ''त्याच्या तोंडाला वास यायचा.'' असो.

हा दातांचा डॉक्टर आमच्यातला तिसरा. मी चौथा, माझ्याकडे सध्या एक चोर आहे, माझ्या स्वभावाला धरून. आणि पाचवे, वाचनालयाचे सेक्रेटरी.

सेक्रेटरींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सांगण्यात मजा आहे. उंच माणूस, खर्जातला आवाज, सहा महिन्यांनी एकदा हसणार. वाचनालयात ते 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभे राहून मोठ्याने बोलतात. त्यांचा माणूस म्हणजे पोलादी सरदार. सहा वर्षं जगलेला. एवढा जुना माणूस टेबलावर दुसऱ्या कुणाचाच नव्हता. डोक्यापासून घोट्यापर्यंत चिलखत. आणि सेक्रेटरींनी त्या सरदाराचं पान चक्क लॅमिनेट करून आणलं होतं! आम्ही पेन्सिलीने लिहितो-खोडतो, यांना जखम झाली की मार्करने लिहून ओल्या फडक्याने पुसायचे. ब्रेकताईने ते बघितलं तेव्हा एवढंच म्हणाली, ''साहेब, हे त्याला कळवलंत का? तो स्वतःला अमर समजायला लागेल.''

सरदार नाही, साहेब समजायला लागले.

तर त्या रविवारी काय झालं. डॉक्टरकडे कुणाची तरी दाढ आडवी आली होती, तो नव्हता. बेकरीवालीच्या नव्या वैदिणीला (पहिली केव्हाच भिंतीवर गेली) लुटारूंनी धरून दरीपलीकडे झाडाला बांधलेलं होतं. तिचा माणूस प्रसंगात नव्हता, म्हणून ती खाली चहा करायला गेली होती. दरीवर दगडी पूल. अलीकडे सरदार आणि माझा चोर. सूर्य मावळतीला. अंधार पडला की लुटारू वैदिणीला घेऊन निघून जाणार. दुसरी वाट होती, पण अर्ध्या दिवसाची.

ताईने पहिली खूण दिली: बरोबर आलेला धनगराचा कुत्रा पुलावर पाय ठेवेना, मागे मागे सरकतोय. दुसरी खूण: दरीत सगळ्या दगडांवर शेवाळ आहे, पुलाच्या एकाही दगडावर नाही. साहेब मिशीवरून हात फिरवत ऐकत होते. तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला आणि ते दाराबाहेर गेले.

आणि ब्रेकताईची एक सवय आहे. वर्णन करताना ती डोळे मिटते. तिला तो पूल दिसायला लागतो म्हणे. डोळे मिटूनच ती तिसरी खूण बोलली: ''कठड्याला हात लावला तर दगड गरम लागतोय. आणि कठडा हळूहळू वर जातोय, खाली येतोय. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.''

खोलीत हे ऐकायला मी एकटा होतो. ताईने डोळे उघडले तोवर साहेब परत खुर्चीत होते, फोन खिशात, मिशीला पीळ.

''मी सरळ पुलावरून जातो,'' साहेब म्हणाले. ''तलवार उपसून.''

मी बोलायला हवं होतं. 'साहेब, तो पूल श्वास घेतोय,' एवढंच. मी बोललो नाही. खरं सांगतो, मला मजा बघायची होती. त्या सरदाराने माझ्या चोराला पहिल्या दिवसापासून 'ए बारक्या' म्हटलं होतं.

''नक्की?'' ताईने विचारलं.

''सरदार विचारून पावलं टाकत नाही, ताई.''

पूल जागा झाला. तो पूल नव्हताच, दरीवर हात टाकून झोपलेली एक दगडी राक्षसीण होती. तिने मूठ मिटली. ''अकरा किंवा वर,'' ताई म्हणाली. झाकणात फासा टणटणला. तीन.

साहेब त्या तीनकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं फासाच लाजून उलटेल. मग ते उठले आणि लॅमिनेट केलेलं पान तसंच टाकून निघून गेले. त्याच्याबद्दल वाक्य कुणी बोललं नाही. भिंतीवर विसावं पान लागलं नाही.

मंगळवारी साहेबांनी ताईला वाचनालयात बोलावलं. मी तिथेच वर्तमानपत्र धरून बसलो होतो. वाचत नव्हतो, हे तुम्हाला सांगायला नको.

''हे बघा,'' साहेब खर्जात म्हणाले, ''कार्यकारिणीत त्या खोलीबद्दल कुरबुर आहे. संगणकवर्गाला जागा हवीय. आजवर मी अडवून धरलं.''

''बरं.''

''आता खेळात असं नाही का होऊ शकत की सरदार नुसता बेशुद्ध पडला होता? किंवा ते स्वप्न होतं? तुम्ही सूत्रधार आहात. तुम्ही म्हणाल ते. सरदार उठला, तर नोटीस मी खिशातच ठेवतो.''

ताईने पर्स उघडली, आत चाचपलं आणि टेबलावर एक टाचणी ठेवली. ''लावा नोटीस. टाचणी माझ्याकडून.''

नोटीस लागली. मी ती तीनदा वाचली, भाषा फार देखणी होती: 'सदर खोलीत वयस्क सदस्यांकडून काल्पनिक हिंसाचार चालत असल्याचे निदर्शनास आले असून, सबब सदर खोली रिकामी करून घेण्याबाबत रविवारी सकाळी अकरा वाजता विचार होईल.'

आता ही खोली म्हणजे नुसती खोली नव्हती. अकरा वर्षांचे नकाशे तिथल्या कपाटात, मेलेल्यांची एकोणीस पानं तिथल्या भिंतीवर. कुणाच्या घरी पाच माणसांचं टेबल मावत नाही. मावलं तर घरची माणसं मावत नाहीत. खोली गेली की खेळ गेला, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. अक्कालाही कळत होतं. मी बुधवारी पडद्याचं माप द्यायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो, तर आत जुंपलेलीच होती.

''अगं, कागदाचा माणूस तो!'' अक्का शिवणयंत्र थांबवून म्हणत होती. ''कर ना जिवंत. तुझ्या बापाचं काय जातंय?''

''मग बाकीचे एकोणीस का मेले, अक्का? त्यांच्या मालकांच्या हातात खोली नव्हती म्हणून?''

''काका, तुम्ही तरी सांगा हिला.''

''मी पडद्याचं बोलायला आलोय,'' मी म्हणालो.

''तुम्ही कधी पडद्याचं बोलायला आलात!'' दोघी एकदम म्हणाल्या.

चहा आला. ताई म्हणाली, ''काका, रविवारी वही घेऊन या. सगळं वाचून दाखवू. तीन खुणा दिल्या, त्यांनी ऐकल्या, गेले. लेखी आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?''

मी कप बशीत परत ठेवला. कारण खेळाची वही मी लिहितो, आणि छत्तीस वर्षांची कोर्टाची सवय सुटत नाही. कोण काय बोललं ते मी लिहितो, आणि ते बोललं गेलं तेव्हा कोण हजर होतं तेही समासात लिहितो. त्या रविवारच्या पानावर तिसऱ्या खुणेसमोर माझ्याच अक्षरात होतं: 'सेक्रेटरी बाहेर. फोन.'

सांगायला चार दिवस होते. मी नाही सांगितलं. पहिल्या दिवशी लाजेने, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या लाजेने, आणि पुढे तसंच.

रविवारी मी दहा वाजताच पोचलो. वरच्या खोलीत ब्रेकताई आणि बेकरीवाली खोकी बांधत होत्या. नकाशे गुंडाळून झाले होते. भिंतीवर एकोणीस फिकट चौकोन दिसत होते.

''अजून ठराव व्हायचाय,'' मी म्हणालो. ''आत्ताच हार मानलीस?''

''हार कसली! बोलताना मागे काही अडकलेलं नको,'' ती म्हणाली. ''धरा हे खोकं. वाकू नका, गुडघे दुमडा.''

खाली वाचनकक्षात कार्यकारिणी बसली होती. अध्यक्षबाई मधे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. पस्तीस मार्कांना पास असताना चौतीसवाल्याला त्यांनी कधी हात दिला नाही, आणि गावातल्या अर्ध्या बापांच्या मनात ते अजून आहे. दोन बाजूला दोन सदस्य, एक पेंगुळलेला, दुसरा पेंगायच्या तयारीत. सेक्रेटरी उभे. बांधलेली खोकी दाराशी, ब्रेकताई आणि बेकरीवाली त्यांच्याजवळ बसलेल्या, दातांचा डॉक्टर भिंतीला टेकून, मी वही छातीशी धरून.

साहेबांनी नोटीस वाचली. मग ब्रेकताई उठली.

''हिंसाचार म्हणताय तो एका पुलावर झाला,'' ती म्हणाली. ''तो काय होता ते कळल्याशिवाय तुम्ही ठराव कसा करणार? काका, वाचा. एक शब्द गाळू नका.''

मी वाचलं. कुत्रा. शेवाळ. पेंगुळलेला सदस्य सरळ बसला. मग तिसरी खूण आली. मी ती वाचली, कठडा वर-खाली होतो तिथपर्यंत, आणि थांबलो. समास माझ्याकडे बघत होता. पान उलटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

''थांबलात का?'' ताई म्हणाली.

''संपलं इथे.''

''काका.'' ती लिफ्टच्या भिंतीला हात लावून ऐकते तशी माझ्याकडे बघत होती. ''समासात काय आहे?''

मी वाचलं. ''सेक्रेटरी बाहेर. फोन.''

कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल, मग त्यावर जे आलं त्याला हसू म्हणायला हरकत नाही. ''म्हणजे मला ती खूण मिळालीच नाही!''

''तुम्हाला माहीत होतं,'' ताई मला म्हणाली.

''होतं.''

''त्या दिवशीही?''

''त्या दिवशीही.''

तिने माझ्या हातातून वही घेतली आणि बेकरीवालीपुढे ठेवली. ''इथून पुढे तुम्ही लिहा.'' छत्तीस वर्षांत एकाही न्यायाधीशाने माझ्या हातून कागद काढून घेतला नव्हता. तिने घेतला.

बेकरीवाली तिच्या कानाशी लागून कुजबुजली, पण तिची कुजबुज अख्ख्या बेकरीला ऐकू जाते. ''अगं, आता कबूल केलंस तर हे म्हणतील खोलीसाठी वाकली. गप बस. पुन्हा कधीतरी बघू.''

''पुन्हा कधी?'' ताई म्हणाली. मग ती सगळ्यांकडे वळली. ''तीन खुणा द्यायच्या हा माझा नियम. मी दोनच दिल्या. डोळे मिटून बोलत होते, माणूस समोर आहे की नाही बघितलं नाही. चूक माझी. सरदाराचं ते मरण मी मोडीत काढते.''

''वा!'' साहेब म्हणाले. ''मग नोटीस...''

''थांबा.'' तिने कमरेला खोचलेली खोलीची किल्ली काढली आणि अध्यक्षबाईंपुढे ठेवली. ''खोली घ्या. वर सामान काही उरलेलं नाही. आता मी जे करीन ते खोलीसाठी केलं असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. आधी किल्ली, मग फासा.''

''फासा?'' अध्यक्षबाई म्हणाल्या.

ताईने पिशवीतून झाकण काढलं, ठरावांच्या कागदांवर ठेवलं, त्यात फासा ठेवला. ''मरण मोडलं म्हणजे सरदार वाचला असं नाही, साहेब. तो पुलाच्या अलीकडे उभा आहे. दोन खुणा तुम्ही ऐकल्यात. ही तिसरी.'' आणि या वेळी तिने डोळे उघडे ठेवले, साहेबांच्या डोळ्यांत बघत सांगितलं. ''दगड गरम आहे. कठडा वर जातोय, खाली येतोय. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. काय करता?''

''इथे?'' साहेब म्हणाले. ''सभेत?''

''हिंसाचार इथेच चर्चेला आहे ना?''

''म्हणजे तो पूल जिवंत आहे?'' पेंगुळलेला सदस्य म्हणाला.

''मधे बोलू नका,'' अध्यक्षबाई म्हणाल्या. आणि मग, ''दुसरी वाट नाही का हो?''

''आहे. अर्ध्या दिवसाची. तोवर वैदिणीला घेऊन जातील.''

''ही वैदीण कोण?''

''मी,'' बेकरीवालीने हात वर केला. ''बांधलंय मला.''

साहेब टेबलावर हात टेकून उभे होते. ते घामाघूम झाले होते. सहा वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. ''मी गेलो तर वाचेन का?''

''मला माहीत नाही.''

''तुम्ही सूत्रधार आहात!''

''म्हणूनच मला माहीत नाही.''

त्यांनी झाकणातल्या फाशाकडे बघितलं. मग हळू आवाजात, खर्ज सोडून, विचारलं, ''चिलखत काढलं तर?''

डॉक्टर भिंतीपासून सरळ झाला. पोलादी सरदाराने चिलखत उतरवायचं म्हणजे साहेबांनी वाचनालयात कुजबुजत बोलण्यासारखं होतं.

''चिलखत काढलं तर हलका झालात. नऊ किंवा वर.''

''बूट पण काढतो. अनवाणी. आवाज होणार नाही.'' आणि बोलता बोलता या माणसाने खरंच खाली वाकून स्वतःचे बूट काढले, आणि मोज्यांवर उभा राहिला. कुणी हसलं नाही.

''आठ,'' ताई म्हणाली. ''आणि साहेब, आठ म्हणजे आठ. टाकायच्या आधी मागे फिरलात तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही.''

''तिला बांधलंय तिकडे,'' साहेब म्हणाले आणि फासा टाकला.

तो झाकणाच्या कडेला आपटला, फिरला, अध्यक्षबाईंच्या बाजूला जाऊन थांबला. त्यांनी चष्मा वर केला.

''सात,'' त्या म्हणाल्या. आणि मग मी जे ऐकलं त्यावर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. ''एका आकड्यानेच राहिलं. आठ धरून टाका की हो. एवढं काय त्यात?''

''धरा, धरा,'' दोन्ही सदस्य म्हणाले.

ब्रेकताईने तोंड उघडलं, पण तिला बोलावं लागलं नाही.

''अजिबात नाही,'' साहेब म्हणाले. आवाज फुटला होता. ''सात आहे. मला इथून दिसतंय. सात म्हणजे सात.'' मग अध्यक्षबाईंना, जवळजवळ रागाने, ''माझा माणूस आहे तो, बाई. मी चिलखत काढून गेलो होतो. त्याचं आठ करू नका.''

ताई बसली. पहिल्यांदाच मला ती दमलेली दिसली. ''मूठ मिटते,'' ती म्हणाली. ''सरदार तिच्यात आहे.''

''एकच हात आहे ना राक्षसिणीचा दरीवर?'' मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ''आणि तो मिटलाय. मग माझा चोर बोटांवरून पळतो. पलीकडे जाऊन दोर कापतो.''

तिने माझ्याकडे पाहिलं. माफ केलंय असं त्या नजरेत काही नव्हतं. आकडा ठरवण्यापुरतं पाहिलं. ''पाच किंवा वर.''

बारा पडले. वैदीण सुटली. बेकरीवालीने वही लिहिता लिहिता नाक पुसलं आणि पानावर पिठाचं बोट उमटवलं.

मग वाक्यं झाली, उभ्याउभ्याच. डॉक्टर म्हणाला, ''त्याने मला एकदा पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती, आणि वाटभर बडबड केली होती.'' बेकरीवाली म्हणाली, ''माझ्यासाठी अनवाणी आला.'' मी म्हणालो, ''मी त्याला सांगायला हवं होतं.'' ताई म्हणाली, ''तिन्ही खुणा ऐकून गेला.'' साहेब काहीच म्हणाले नाहीत. मालकाने बोलायचं नसतंच.

पेंगुळलेल्या सदस्याने घसा खाकरला. अध्यक्षबाईंनी किल्ली दोन बोटांनी ताईच्या दिशेने सरकवली. ''हे बघ, आता सेक्रेटरींचीच तक्रार उरली नसेल तर... काय ठराव लिहायचा?''

ताईने किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने झाकण पिशवीत टाकलं, फासा मुठीत घेतला. ''तो तुमचा विषय. माणसाच्या जिवावर मिळणारी खोली आम्हाला नकोच होती, आता तर मुळीच नको. आमचा माणूस गेलाय, आम्ही निघतो.''

''आणि खेळणार कुठे?''

''जागा शोधू. नाही मिळाली तर जिन्यात बसू. जिने मला सगळे माहीत आहेत.''

डॉक्टरने एक खोकं उचललं, बेकरीवालीने वही काखेत मारली आणि दुसरं उचललं. मी तिसऱ्याला हात घातला तर ताई म्हणाली, ''काका, गुडघे.'' तेवढंच. पुढचे दोन महिने ती माझ्याशी एवढंच बोलली.

दारातून वळून बघितलं. साहेब अजून टेबलापाशी होते, नोटिशीचा कागद समोर. त्यांनी तो उचलला नाही, फाडलाही नाही. मग खाली वाकून त्यांनी बूट हातात घेतले, घातले नाहीत, आणि 'शांतता राखा'च्या पाटीखालून मोज्यांवर चालत, आवाज न करता, आमच्या मागून रस्त्यावर आले.